उजव्या कानाशी

मंगळवारी अकरा वाजता पालकांना बोलावलं होतं.
आलो तिघे.
एक मी, रात्रपाळी उतरून, केसांत कापसाची तूस घेऊन,
एक बोल्ली आजोबा, नातवाचा दाखला काढून न्यायला आलेले,
आणि शकुराबी, जिला वाटलं शिष्यवृत्तीचं काहीतरी आहे.

मॅडम नवीन. घाम पुसत म्हणाल्या,
मुलांच्या मनाविषयी बोलू या.
शकुराबीनं विचारलं, वेडेपणाचं का?
नाही हो, ताप येतो ना, तसंच.
मग थर्मामीटर कुठाय, बोल्ली आजोबा म्हणाले,
आणि त्यांना खरंच बघायचं होतं.

मॅडमनी फळ्यावर एक रेघ काढली.
मूल म्हणजे धागा, तुम्ही तर विणकर.
मी हात वर केला. शिकत होतो तेव्हा कधी केला नव्हता.
म्हटलं, धागा नका म्हणू.
तुटका धागा आम्ही दोन बोटांत गाठ मारून पुढं जातो,
नाहीच जमलं तर वेस्टेजच्या पोत्यात.
किलोवर विकतो तो.
त्यांनी रेघ पुसली. डस्टर नव्हतं, ओढणीनं पुसली.
तेव्हापासून मला त्या बऱ्या वाटायला लागल्या.

पुढच्या खेपेला जागा आम्हीच सांगितली.
विडी कारखान्याच्या दारात, माल द्यायच्या रांगेत
बायका तासभर उभ्याच असतात की, तिथं या.
अंबव्वा येमुल जुड्या मोजता मोजता म्हणाली,
माझी पोरगी नखं खाते, रक्त येईस्तोवर.
मागून कोण म्हणालं, माझीपण.
तिच्या मागून कुणी नुसतंच नाक ओढलं.
रांग पुढं सरकली,
मधली जागा बराच वेळ कुणी भरली नाही.

मग गृहपाठ. पोरांना नाही, आम्हाला.
रोज दहा मिनिटं लेकराजवळ बसायचं.
मार्क विचारायचे नाहीत,
शेजारच्या पोराचं नाव काढायचं नाही,
बोललंच तर मधे तोंड घालायचं नाही.
आणि तक्त्यात खूण करायची.
पहिला आठवडा मी खोट्या खुणा केल्या.

मल्लेश सातवीत. दर सोमवारी पोट दुखतं.
दोन डॉक्टर, एक सोनोग्राफी,
दृष्ट तीनदा काढून झाली.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी. त्या खेपेला पहाटे तीनला आलं.
मी नळी धरतो, तो घागरी सरकवतो.
बोलणं एवढंच: भरली. दुसरी.
त्या रात्री तो आणखी काहीतरी बोलला.
वीस वर्षांच्या मागानं माझा डावा कान खाल्लाय.
कारखान्यात आम्ही ओठ वाचतो,
अंधारात ओठ कुठले.
म्हटलं, इकडं ये, उजव्या बाजूला.
आला.

नायना, हजेरीला माझं नाव आलं की आवाजच फुटत नाही.
सगळे हसतात.
सर म्हणतात, गैरहजर लावू का.

माझ्या जिभेवर पाच उत्तरं तयार होती.
त्यातलं एक माझ्या बापाचं होतं, चपलेसकट.
घागर भरून वाहायला लागली,
पाचव्या दिवसाचं पाणी, पायरीवरून गटारीत,
मी वाहू दिलं.
आतून त्याची अम्मा ओरडली, झोपला का दोघं?

सकाळी तक्त्यात खूण केली नाही.
रकान्यात लिहिलं: दोन घागरी सांडल्या.

सोमवारी पोट दुखलंच. खोटं कशाला सांगू.
पाळी बदलून वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.
सरांना सांगितलं. ते मान हलवत राहिले,
ऐकलं की नाही, कळलं नाही.
पण आता मल्लेश हजेरीला हात वर करतो
आणि सर पुढचं नाव घेतात.

बोल्ली आजोबांनी दाखला अजून नेलेला नाही.
शकुराबी दर वेळी शिष्यवृत्तीचं विचारते,
नाही म्हटलं तरी बसते.
मी डावीकडची खुर्ची धरतो,
म्हणजे बोलणारं माणूस
उजवीकडं येतं.